मृगाच्या आत परत येतो: व्हिसा का नाकारतात आणि नाकारल्यावर काय करायचं

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लेखी कळवलं की तुमचा भरवसा वाटत नाही. कागद आला होता युरोपातल्या एका देशाच्या वकिलातीकडून. मुलगा तिकडं नोकरीला, त्याला मुलगी झालेली, नाना आणि काकू महिनाभर जाऊन नात बघून येणार होते. पाकिटातून पासपोर्ट निघाले, व्हिसा नव्हता. सोबतच्या छापील फॉर्मवर दोन चौकटींत फुल्या होत्या. एकीचा अर्थ असा की मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका आहे. दुसरीचा असा की खर्चाची सोय पटेल अशी दाखवलेली नाही.

नानांचं गाव औसा तालुक्यात. नऊ एकर जमीन, एक विहीर, दोन म्हशी. फॉर्म दोनदा उलटून बघितला आणि म्हणाले, "मी काय तिकडं राहायला चाललो का? मृगाला पेरणी कोण करणार, त्यांचा साहेब येणार का?"

उत्तर बरोबर होतं. पण ते नानांच्या तोंडात होतं, अर्जात कुठंच नव्हतं.

नाना काही एकटे नाहीत. शेंगेन म्हणजे युरोपातल्या २९ देशांचा गट; त्यातल्या एकाचा व्हिसा मिळाला की बाकीच्यांतही फिरता येतं. या व्हिसासाठी २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यातले साधारण १५ टक्के नाकारले गेले. पूर्वी हा मुंबई-पुण्याच्या लोकांचा विषय होता. आता लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या गल्लीगल्लीतली पोरं बाहेर आहेत आणि त्यांचे आईबाप अर्ज भरतायत. भरतोय बहुतेकदा तालुक्याच्या नेट कॅफेतला पोरगा, जो एरवी पीकविम्याचे फॉर्म भरतो.

## साहेब नेमकं काय बघतो?

बीड, धारूर, केजकडं ऊसतोडीची उचल कशी दिली जाते ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. मुकादम उचल देतो तेव्हा त्याच्या मनात एकच धास्ती असते: हा पैसे घेऊन दुसऱ्याच्या टोळीत गेला तर? म्हणून तो गाव बघतो, घर बघतो, भाऊबंद बघतो, मागच्या वर्षी हंगाम पुरा केला होता का ते विचारतो. व्हिसा देणाऱ्याची धास्ती तीच, फक्त उलट्या दिशेची. मुकादमाला वाटतं माणूस येणार नाही, याला वाटतं माणूस जाणार नाही.

फरक एवढाच की मुकादम दारात येऊन बसतो, चहा पितो, चार लोकांना विचारतो. व्हिसा अधिकाऱ्यानं औसा कधी बघितलेलं नसतं. त्याच्यासमोर स्कॅन केलेली पंधरा-वीस पानं असतात, आणि रांगेत पुढचे शेकडो अर्ज.

दुसरी गोष्ट पचायला जड आहे. आपल्याकडं आरोप करणाऱ्यानं तो सिद्ध करायचा असतो. व्हिसात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर असते. अमेरिकेच्या कायद्यात तर सरळ लिहिलंय की पर्यटक म्हणून येऊ बघणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं, जोपर्यंत तो उलट पटवून देत नाही. त्या कायद्याचं कलम २१४(बी). अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला की हातात पडणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा हाच आकडा असतो. त्याचा अर्थ तुम्ही खोटं बोललात असा नाही. तुम्ही पटवू शकला नाहीत, एवढाच.

## "रिजेक्ट झालं" म्हणजे नक्की काय झालं?

गावाकडं सगळ्यालाच रिजेक्ट म्हणतात. आधी हे वेगळं करून घ्या, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

कधी अर्ज आत घेतलेलाच नसतो. फोटो चुकला, सही राहिली, पासपोर्टची मुदत कमी होती. शेंगेनच्या नियमात पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. यात बसलं नाही तर अर्ज परत येतो, व्हिसाची फीही परत येते. हा नकार नाही, दुरुस्त करून पुन्हा द्यायचा.

कधी अर्ज नुसता अडकलेला असतो, आणखी कागद मागितलेले असतात. अमेरिकेत याला २२१(जी) म्हणतात. इथं घाबरून नवा अर्ज टाकणारे लोक मी बघितलेत. मागितलेला कागद द्या, वाट बघा.

खरा नकार म्हणजे अर्ज तपासला आणि नाही म्हटलं. त्याचं कारण लेखी मिळतं. ते मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी शांतपणे वाचावं. शेंगेनचा फॉर्म ठरलेल्या कारणांची यादीच असतो, कुठं फुली आहे तेवढं बघायचं. ब्रिटनचं पत्र सविस्तर असतं. तुमच्या खात्यात अमुक तारखेला अमुक रक्कम कुठून आली हे समजत नाही, असं सुद्धा त्यात लिहिलेलं असतं.

## खात्यात चार लाख होते, तरी खर्चाची सोय दिसत नाही?

नानांच्या प्रकरणातली मेख इथंच होती, म्हणून जरा सावकाश सांगतो.

फॉर्म भरणाऱ्यानं सांगितलं होतं, "खात्यात चार लाख दिसले पाहिजेत." नानांनी मेहुण्याकडून आणि एका आडत्याकडून मिळून चार लाख आणले आणि अर्जाच्या नऊ दिवस आधी रोख भरले. आता ते स्टेटमेंट परक्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा. पीएम किसान, २०००. नमो शेतकरी, २०००. दूध संघाचे दर दहा दिवसांनी दोन-अडीच हजार. वीजबिल. एटीएममधून ५००. महिन्याअखेर शिल्लक अकरा हजार. आणि मग एके दिवशी एका फटक्यात ४,००,००० रोख.

लग्नाला आलेल्या पाहुण्याच्या अंगावर नवाकोरा सूट आणि पायात स्लिपर असावी, तसं ते दिसत होतं. अधिकाऱ्याला शिल्लक कमी वाटली नाही, शिल्लक उसनी वाटली. आणि ती उसनीच होती.

गंमत अशी की नानांकडं पैसा नव्हता असं नाही. सोयाबीन आणि तूर लातूरच्या मोंढ्यात जाते, आडत्याकडं हिशेब राहतो, लागेल तसे पैसे उचलायचे, काही रोख, काही बियाण्या-खतात वळते. वर्षाची उलाढाल बऱ्यापैकी आहे, पण ती बँकेतून जातच नाही. म्हणजे खरा पैसा कागदावर नाही आणि कागदावर आहे तो पैसा खरा नाही.

यावर उपाय एका आठवड्याचा नाही, हंगामाचा आहे. प्रवासाच्या आधी किमान सहा महिने मालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे पैसे, खात्यावर घ्या. बहुतेक देश तीन ते सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतात, आणि त्यांना आकड्यापेक्षा चाल बघायची असते: पैसा कुठून येतो, कसा जातो, किती उरतो. मोठी रक्कम आलीच असेल, समजा प्लॉट विकला, एफडी मोडली, तर त्याचा कागद सोबत लावा. खुलासा असलेली मोठी रक्कम चालते.

खर्च मुलगा करणार असेल तर तसंच लिहा. आईबापाच्या खात्यात उसना पैसा दाखवण्यापेक्षा मुलाच्या पगाराच्या पावत्या, त्याचा तिकडचा राहण्याचा परवाना आणि "खर्च मी करणार" असं त्याचं पत्र कितीतरी वजनदार. जर्मनीत यासाठी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन रीतसर हमीपत्र करून घेता येतं. त्याचं जर्मन नाव फेअरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग. ते म्हणता येण्याची अट नाही. अमेरिकेत मात्र उलटं आहे: तिथं बोलावण्याच्या पत्रावर निर्णय होत नाही, अर्जदाराचं स्वतःचं इथलं बस्तान बघतात.

## सातबारा त्यांना कळतो का?

नुसता मराठी सातबारा जोडला तर नाही कळत. कळेल असा करून द्यावा लागतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. परत येण्याचा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याइतका पक्का पुरावा भाड्याच्या फ्लॅटात राहणाऱ्या नोकरदाराकडं सुद्धा नसतो. नोकरी तिकडंही मिळते, पण नऊ एकर रान काही बॅगेत घालून नेता येत नाही. फक्त हे सांगायची रीत आपल्याला माहीत नसते. नोकरदाराकडं कंपनीचं रजेचं पत्र असतं: अमुक तारखेला हजर होणार. शेतकऱ्याला असं पत्र कोण देणार?

मृग देतो. दुसऱ्या वेळी नानांच्या अर्जाबरोबर एक पान जोडलं, ज्याला कव्हरिंग लेटर म्हणतात. अर्जदारानं स्वतःची गोष्ट स्वतः सांगायचं पत्र. त्यात साध्या इंग्रजीत लिहिलं: मी शेतकरी आहे, माझ्या नावावर इतकी जमीन आहे, खरिपाची पेरणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होते, म्हणून मी एप्रिलअखेर जाऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येत आहे. माझ्या पश्चात म्हशी आणि घर धाकटा भाऊ बघेल. सोबत सातबारा, आठ-अ, मोंढ्यातल्या दोन वर्षांच्या पट्ट्या, पीककर्जाचं खातं, या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर.

पीककर्ज लपवायचं असतं असं नानांना वाटत होतं. मुळीच नाही. वेळेवर फेडलेलं कर्ज म्हणजे बँकेनं तुमच्यावर ठेवलेल्या विश्वासाचा कागद. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून आपण रिटर्न भरत नाही. पण शेतीचं उत्पन्न दाखवून भरलेलं रिटर्न असेल तर उत्पन्नाचा एक कागद वाढतो. नसेल तर नाही असंच लिहा, आणि का नाही ते एका ओळीत सांगा. परक्या अधिकाऱ्याला भारतात शेतीवर आयकर नसतो हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका.

तारखाही बोलतात. परत यायची तारीख पेरणीच्या तोंडावर असेल तर गोष्ट जुळते. ऐन सोयाबीनच्या राशीत दीड महिना युरोप लिहिलं, तर हा शेतकरी आहे का असा प्रश्न मलाही पडेल.

## कारकुनी चुका, ज्या हसण्यावारी नेतात

ऑनलाइन म्हणजे सगळं घरबसल्या, असा एक समज आहे. शेंगेन, ब्रिटन, अमेरिका यांचा फॉर्म ऑनलाइन, पण बोटांचे ठसे द्यायला माणूस लागतो. त्यासाठी मुंबई, पुणे असा फेरा पडतोच. शेंगेनसाठी एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. संपूर्ण ऑनलाइन असतो तो ई-व्हिसा, उदाहरणार्थ व्हिएतनामचा. तिथं समोर माणूस नसल्यानं चूक लक्षात आणून देणारंही कुणी नसतं. एक अक्षर चुकलेला ई-व्हिसा मंजूर होऊन येतो आणि विमानतळावर काउंटरवरून माघारी पाठवतात.

भारतीय पासपोर्टच्या नंबरात पहिलं एक अक्षर आणि मग सात आकडे असतात. म्हणजे पहिल्या जागेनंतर जे गोल दिसतं ते शून्यच, ओ कधीच नाही. एवढं जरी नेट कॅफेतल्या पोराच्या संगणकावर चिकटवलं तरी बरेच अर्ज वाचतील.

नावांचा घोळ आपल्याकडं फार. काकूंचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, बँकेत "बाई" जोडलेलं तिसरं. अर्जात पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं आणि "पूर्वीचं नाव" विचारलं असेल तिथं माहेरचं. लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद सोबत. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, नुसतं एकच नाव आहे, त्यांना दुबईच्या भेट-व्हिसाला नोव्हेंबर २०२२ पासून अडचण येते; निदान पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असावं लागतं. तिकीट काढण्याआधी बघा.

आणि १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली जन्मतारीख. नानांची पासपोर्टवर १ जून आहे, आधारवर १ जानेवारी. परदेशातल्या माणसाला यात लबाडी दिसू शकते. आधार दुरुस्त करून घ्या, अर्ज करायच्या आधी, मध्येच नको.

फोटोचं एक सांगतो. नाना टोपी काढायला तयार नव्हते. पासष्ट वर्षांत बाहेरच्या माणसानं त्यांचं डोकं बघितलेलं नाही. पण धार्मिक कारण सोडलं तर डोक्यावर काही चालत नाही, आणि अमेरिकेच्या फोटोत २०१६ पासून चष्माही चालत नाही. फोटोवाल्यानं दुकानाचं शटर अर्ध खाली ओढलं, तेव्हा टोपी निघाली.

फॉर्म भरायची जागाही खरी हवी. गुगलवर पहिल्यांदा जे येतं ते बरेचदा जाहिरात असते, दिसायला सरकारी, फी दुप्पट-तिप्पट. पत्त्यात "गव्ह" आहे का बघा: ब्रिटनचं गव्ह डॉट यूके, व्हिएतनामचं ईव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन.

## एजंट सगळं करून देतो की!

फॉर्म भरून द्यायला, अपॉइंटमेंट घ्यायला एजंट घ्यावा, त्यात वावगं काही नाही. पण "गॅरंटी" हा शब्द कानावर पडला की उठून यावं. निर्णय वकिलातीचा असतो, त्यात कुणाचा वशिला चालत नाही. "बॅलन्स आम्ही दाखवतो", "हॉटेलचं बुकिंग आम्ही बनवतो" म्हणणारा तर सरळ तुमच्या गळ्यात धोंडा बांधतोय. अर्जाखाली सही तुमची असते. खोटा कागद सापडला तर शिक्षा अर्जदाराला: कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेत ती बंदी जन्मभराची ठरू शकते. एजंट तोवर दुसरा बोर्ड लावून बसलेला असतो.

अर्ज पाठवण्याआधी तो छापून घेऊन घरातल्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. नानांच्या पहिल्या अर्जात व्यवसायाच्या जागी "बेरोजगार" लिहिलं होतं. फॉर्म भरणाऱ्याला शेतकरी हा पर्याय पटकन सापडला नाही म्हणून. नऊ एकरांचा मालक, आणि कागदावर बेरोजगार.

## नकार आला. आता कुठंच जाता येणार नाही का?

येतं. नकार म्हणजे बंदी नाही, आणि एका देशाच्या नकारानं दुसऱ्याचं दार आपोआप लागत नाही. पण तो लपत नाही. शेंगेन देशांच्या सामायिक नोंदीत तो पाच वर्षं राहतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आपसात माहिती वाटून घेतात. बऱ्याच फॉर्मात प्रश्न असतो: यापूर्वी कुठल्या देशानं व्हिसा नाकारलाय का? तिथं "हो" लिहायचं, कधी आणि का ते लिहायचं. नकारानं अर्ज थोडा हलका होतो. लपवलेल्या नकारानं तो बुडतो.

अपील करावं का? शेंगेनमध्ये अपिलाचा हक्क आहे, पण ते ज्या देशानं नाकारलं त्याच्या कायद्यानं आणि त्याच्या मुदतीत. जर्मनीत पूर्वी वकिलातीलाच पुन्हा विचार करा असं लिहिता यायचं, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली; आता एक तर बर्लिनच्या न्यायालयात जा किंवा नवा अर्ज करा. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाला नेहमीचं अपील नाहीच. माझ्या मते, अधिकाऱ्यानं जोडलेला कागद बघितलाच नाही अशी उघड चूक असेल तरच भांडावं. बाकी वेळी नवा अर्ज स्वस्त आणि जलद.

पण नवा म्हणजे नवा. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशीही पुन्हा अर्ज करता येतो, म्हणून लोक तेच कागद, तीच फुली, पुन्हा फी, असं तीन-तीनदा करतात. फुलीचं कारण संपलं नसेल तर उत्तरही बदलणार नाही. नाना सात महिने थांबले. एक हंगाम खात्यावरून गेला, मग अर्ज केला, आणि पत्रात पहिल्या नकाराचा उल्लेख करून त्या वेळच्या रकमेचा खराखुरा खुलासा दिला: ती उसनी होती, परत केली, ही नोंद.

सोपा देश शोधून तिथं अर्ज टाकायचा आणि फिरायचं भलतीकडं, ही युक्तीही अंगलट येते. शेंगेनचा नियम साधा आहे: जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडं अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथं आधी उतरणार तिथं.

## नाकारायचंच होतं तर फी का घेतली?

माती परीक्षणाला नमुना दिला आणि जमीन चोपण निघाली, तर प्रयोगशाळा पैसे परत देते का? फी तपासणीची असते. शेंगेनची मोठ्या माणसाला ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ४५. त्यावर अर्ज आणि ठसे घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाखर्च वेगळा. दोघांचे मिळून नानांचे वीस हजारांच्या आसपास गेले. राग येणं साहजिक आहे, हक्क मात्र नाही. म्हणूनच व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं विमान तिकीट काढू नये. रद्द करता येईल असं आरक्षण जोडलेलं चालतं. आणि घाई करू नये. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ लागतात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो, तो विसरून बरेच जण अडकतात.

सगळे कागद चोख असूनही नकार येतो का? येतो. शेवटी समोर माणूस असतो, आणि त्याला शंका घ्यायचा अधिकार दिलेला आहे.

नाना-काकूंना दुसऱ्या वेळी व्हिसा मिळाला. ४ जूनला ते मुंबईला उतरले, लातूर एक्सप्रेसनं गावी आले आणि दोन दिवसांनी बियाणं आणायला मोंढ्यात होते. भारतीयांसाठी २०२४ पासून शेंगेनची एक सवलत आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा, पुन्हा पुन्हा जाता येईल असा मिळू शकतो. नानांचा एक झालाय. दुसऱ्यासाठी ते यंदाची तूर खात्यावर घेणार आहेत. आडत्याला ते पसंत नाही.